दोन उच्चार, एक अक्षर: पश्तो आणि चिनी



पश्तो आणि चिनी यांची तुलना करायची म्हटले की पहिला प्रश्न येतो तो 'कशासाठी?' हा, आणि तो रास्तच आहे. पश्तो ही इराणी भाषांच्या पूर्व शाखेतली, म्हणजे लांबच्या नात्याने आपल्याच गोतातली भाषा. अफगाणिस्तानचा दक्षिण आणि पूर्व भाग, पाकिस्तानातला खैबर पख्तुनख्वा आणि उत्तर बलुचिस्तान इथे मिळून चार ते सहा कोटी लोक ती बोलतात. चिनी बोलींचे कूळ चिनी-तिबेटी. बोलणारे शंभर कोटींच्या वर. एका कुळातल्या भाषा ताडून पाहिल्या की त्यांच्या पूर्वज भाषेचा अंदाज बांधता येतो. इथे तसला काहीच लाभ नाही. पण नात्यागोत्याचा संबंध नसलेल्या दोन भाषांत एखादी गोष्ट सारखी आढळली, तर ती वारशाने आलेली नाही एवढे तरी आधीच नक्की असते. ती माणसांनी, आपापल्या गरजेपोटी, घडवलेली असते. अशी एक गोष्ट या दोन भाषांत आहे, आणि माझे आजचे म्हणणे तिच्याभोवतीच आहे. निरनिराळ्या तऱ्हेने बोलणाऱ्या माणसांना 'आपली भाषा एक आहे' असे वाटत राहते, त्यात लिपीचा वाटा फार मोठा असतो. आणि लिपी हे काम करू शकते ते बोलणाऱ्यांच्या उच्चारांत ती कोणाची बाजू घेत नाही म्हणून.

आधी कूळ आणि व्याकरण उरकून घेऊ. पश्तोतले आकडे कानावर पडले की मराठी माणसाला ओळखीची खूण पटते: द्वा, द्रे, त्सलोर, पिंद्झ. दहाला मात्र 'लस' म्हणतात आणि मुलीला 'लूर'. शब्द परके वाटतात, पण जुन्या इराणी 'द'चा पश्तोत 'ल' झाला हा नियम एकदा कळला की 'लस'मध्ये 'दश' आणि 'लूर'मध्ये 'दुहिता' स्पष्ट दिसू लागते. त्याहून जवळची गोष्ट क्रियापदाची. 'मी भाकरी खाल्ली' हे पश्तोत 'मा डोडई वुख्वडा' असे होते. 'डोडई' म्हणजे रोटी, भाकरी. ती स्त्रीलिंगी, म्हणून क्रियापदही स्त्रीलिंगी. खाणारा पुरुष आहे की बाई, याच्याशी क्रियापदाला कर्तव्य नाही. भूतकाळात क्रियापदाने कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जायचे, ही आपल्या शाळेतल्या कर्मणी प्रयोगाचीच रीत झाली. त्यात ट, ड, ण हे मूर्धन्य वर्णही पश्तोत आहेत. एर्न्स्ट ट्रुम्प या जर्मन पंडिताने १८७३ च्या आपल्या व्याकरणात पश्तोला भारतीय भाषांकडे ओढले, त्यात नवल नाही. पुढे जेम्स दार्मस्तेतरने शब्दांच्या घडणीतून ती इराणी ठरवली, आणि तोच निर्णय टिकला.

चिनी वाक्यात यातले काही सापडायचे नाही. 'वो छ्र ल फान': 'वो' म्हणजे मी, 'छ्र' म्हणजे खाणे, 'ल' हा क्रिया पुरी झाल्याचे सांगणारा इवलासा शब्द, आणि 'फान' म्हणजे भात किंवा जेवण. लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही, क्रियापदाचे रूप बदलणे नाही. अर्थ शब्दांच्या क्रमावर आणि सुरावर तोललेला. उत्तरेकडच्या प्रमाण बोलीत चार सूर, दक्षिणेकडे त्याहून जास्त. एका टोकाला प्रत्ययांनी लगडलेली भाषा, दुसऱ्या टोकाला प्रत्ययांवाचून चालणारी. व्याकरणाच्या अंगाने तुलना इथेच संपते. यापुढे ती ओढली तर फरकांची यादी तेवढी हाती येईल.

प्रत्यक्ष गाठीभेटीचा इतिहास मात्र अगदीच कोरा नाही. पश्तोची एक बहीण, सोगदी, रेशीममार्गावर व्यापाऱ्यांची भाषा होती. पुरातत्त्व-संशोधक ऑरेल स्टाइनला १९०७ मध्ये दुनहुआंगजवळच्या एका पडक्या बुरुजात सोगदी व्यापाऱ्यांची चौथ्या शतकातली पत्रे सापडली. दुसरी बहीण खोतानमध्ये नांदली आणि लयाला गेली. तिसरी, सरिकोली, आजही चीनच्या हद्दीत ताशकुर्गानच्या डोंगरांत बोलली जाते, पण तिला मान्य अशी लिपी नाही आणि शाळेत तिला जागा नाही. पश्तोच्या शाखेतली ही भाषा जगेल किती, हे तिच्या व्याकरणावरून सांगता येणार नाही. म्हणून मी लिपीकडे वळतो.

पश्तो बोलणारे स्वतःच्या भाषेचे नावसुद्धा एकमुखाने घेत नाहीत. कंदाहारकडे 'पश्तो', तिथला 'श' आपल्या 'ष'सारखा जीभ मागे वळवून, पेशावरकडे 'पख्तो'. फरक या एका शब्दापुरता नाही. 'स्त्री' या अर्थाचा शब्द कंदाहारी माणूस 'षद्झा' असा म्हणेल आणि पेशावरी 'खजा'. दोन व्यंजने, आणि दोन्ही वेगळी. नवख्याला हे दोन निराळे शब्द वाटतील. पण लिहिताना दोघेही तेच लिहितात, अक्षरास अक्षर. अरबी लिपीत हे ध्वनी नव्हते, म्हणून पश्तो लिहिणाऱ्यांनी अरबी अक्षरांना जादा टिंबे आणि कडी जोडून नवी अक्षरे केली. त्यातल्या 'सीन'च्या वर एक आणि खाली एक टिंब देऊन केलेल्या अक्षराचा उच्चार कंदाहारात 'ष' आणि पेशावरात 'ख'. तशाच वर-खाली टिंबे दिलेल्या दुसऱ्या एका अक्षराचा उच्चार एकीकडे घर्षक 'झ'सारखा, दुसरीकडे चक्क 'ग'. अक्षर कोणाला चूक ठरवत नाही. सतराव्या शतकातल्या खुशहाल खान खट्टकची, म्हणजे शिवाजी महाराजांच्याच काळात औरंगजेबाशी वैर मांडणाऱ्या सरदार-कवीची, कविता कंदाहारचा वाचक आपल्या उच्चाराने वाचतो आणि पेशावरचा आपल्या. दोघांनाही ती आपली वाटते. डी. एन. मॅकेन्झी यांनी १९५९ मध्ये 'प्रमाण पश्तो' या विषयावर एक निबंध लिहिला. पश्तोला प्रमाणबोली नसली तरी प्रमाण लेखन आहे, आणि ते बोलींच्या वर राहून सगळ्यांना पुरते, असा त्याचा रोख होता. माझ्या मते पश्तोविषयी लिहिल्या गेलेल्या थोड्याच गोष्टी इतक्या नेमक्या आहेत.

आता चिनीकडे पाहा. एकच आडनाव बीजिंगमध्ये 'चेन', हाँगकाँगात 'चान' आणि फुज्यानच्या दक्षिणेत किंवा सिंगापूरच्या जुन्या वस्तीत 'तान'. चित्रपटांमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत झालेल्या जॅकी चॅनचे आडनाव हेच. बीजिंगचा माणूस दहाला 'श्र' म्हणतो, हाँगकाँगचा 'साप'. या बोली एकमेकींपासून इतक्या दूर गेल्या आहेत की शिकल्यावाचून एकीच्या माणसाला दुसरी कळत नाही. मराठी आणि गुजराती यांत जेवढे अंतर आहे, त्याहून हे अंतर कमी नाही. तरी तिकडे त्यांना 'बोली' म्हणतात आणि इकडे आपण वेगळ्या भाषा मानतो. कारण कागदावरचे चिन्ह तेच राहते. ते 'चेन'ही म्हणत नाही आणि 'तान'ही म्हणत नाही. पेशावर आणि कंदाहार यांच्यामध्ये जे काम टिंबांची दोन-चार अक्षरे करतात, तेच चीनमध्ये हजारो चिन्हे करतात. साधने अगदी निराळी, काम एकच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही तुलना वरवरची आहे. चिनी चिन्हे अर्थ दाखवतात, पश्तोची अक्षरे ध्वनी. आणि अर्थाला उच्चार नसतो म्हणून तिथे एकी आपोआप साधते. हा समज फार पसरलेला आहे आणि चुकीचा आहे. इ. स. १०० च्या सुमारास शू शेन याने ९,३५३ चिन्हांचा कोश केला, तेव्हाच हे उघड होते की बहुतेक चिन्हांचे दोन भाग असतात: एक विषय सुचवणारा, दुसरा उच्चार सुचवणारा. 'नदी' या चिन्हात डावीकडे पाण्याची खूण आणि उजवीकडे नुसता उच्चाराचा इशारा. तो इशारा दोन हजार वर्षांपूर्वीचा, त्यामुळे आज तो कुठल्याच बोलीशी नेमका जुळत नाही, पण थोडाफार सगळ्यांशी जुळतो. जॉन डीफ्रान्सिस यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात चिनी लिपी ही कल्पनांची लिपी असल्याचा भ्रम मोडून काढला. चिनी लिपी ध्वनीच लिहिते; जुना, ढिला, सगळ्यांपासून सारखाच लांबचा ध्वनी. पश्तोची ती अक्षरेही जुन्याच उच्चाराची आहेत. ध्वनी आणि अर्थ हा भेद इथे फारसा कामाचा नाही. ताजा ध्वनी लिहायचा की जुना, यावर बरेच काही ठरते.

हे ताडून पाहायला एक विलक्षण पुरावा आहे, आणि तो पश्तोच्याच लिपीशी येऊन भिडतो. गान्सू, निंगश्या, शान्शी या प्रांतांतल्या हुई मुसलमानांनी मदरशांमध्ये आपली चिनी बोली अरबी लिपीत लिहिली. त्या पद्धतीला 'श्याओ-अर-जिंग' म्हणतात. पश्तो लिहिणाऱ्यांप्रमाणे त्यांनीही नवी टिंबे जोडली, आणि अरबीत सहसा गाळले जाणारे स्वर पुरेपूर लिहिले. याच लोकांपैकी काही जण चिनी सत्तेविरुद्धचे बंड फसल्यावर १८७७-७८ च्या हिवाळ्यात रशियाच्या मुलखात पळाले. त्यांचे वंशज, डुंगन, आज किर्गिझस्तान आणि कझाकस्तानात राहतात आणि चिनीचीच एक बोली बोलतात. सोव्हिएत काळात त्यांना आधी रोमन आणि मग १९५३ पासून सिरिलिक वर्णमाला मिळाली. रोजच्या लेखनात सूर दाखवत नाहीत, तरी अडत नाही. यासिर शिवाजा याने या लिपीत कविता लिहिल्या, वर्तमानपत्र निघाले, शाळेची पुस्तके झाली. 'चिनीत एकाच उच्चाराचे शब्द इतके आहेत की चिन्हांवाचून ती लिहिताच येणार नाही' हे म्हणणे डुंगनांनी कृतीने खोटे पाडले आहे. पण त्यांनी मोजलेली किंमतही पाहिली पाहिजे. शिवाजाची कविता बीजिंगच्या वाचकाला बंद, आणि बीजिंगचे छापील पान डुंगन मुलाला बंद. बोली तीच राहिली आणि पान वेगळे झाले. दोन-तीन पिढ्यांत ती वेगळी भाषा म्हणून गणली जाऊ लागली.

चीनमधल्या सुधारकांना हे कळत होते. १९३० च्या दशकात सोव्हिएत भूमीवर तयार झालेल्या रोमन लेखनपद्धतीने प्रत्येक प्रादेशिक बोलीसाठी स्वतंत्र लेखन असावे असा आग्रह धरला होता, आणि लू शुनसारखा लेखक तिच्या बाजूने उभा होता. त्यांचे म्हणणे न्यायाचे होते: शांघायच्या गिरणी कामगाराने बीजिंगच्या उच्चारात का लिहावे? पण त्याच न्यायाने चिनीच्या पाच-सहा लेखी भाषा झाल्या असत्या. युरोपात लॅटिनचे नेमके असेच झाले. माणसे आपापल्या तोंडातले लिहू लागली आणि फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन वेगळ्या झाल्या. १९५८ मध्ये चीनने पिनयिन ही रोमन पद्धत स्वीकारली, तेव्हा पंतप्रधान चौ एन-लाय यांनी आधीच जाहीर केले होते की ती चिन्हांच्या जागी येणार नाही. उच्चार शिकवण्यापुरती राहील.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. एकी साधली ती साम्राज्याने, लिपी हे त्याचे हत्यार, असे कोणी म्हणेल. इ. स. पू. २२१ मध्ये छिन सम्राटाने चीन एकत्र केला आणि लिपीचे एकच वळण सक्तीचे केले; पुढे शाही परीक्षा आल्या, त्या १९०५ पर्यंत चालल्या. ज्याला अधिकारी व्हायचे त्याला हीच चिन्हे गिरवावी लागली. हे सगळे खरे, पण यातून फक्त चीनचा उलगडा होतो. पश्तोमागे असले काही नव्हते. पश्तून मुलूख शतकानुशतके मुघल, सफवी, शीख, इंग्रज आणि काबूलचे अमीर यांच्यात वाटला गेला. दरबारची भाषा बहुधा फारसी. १८९३ च्या ड्युरंड रेषेने तर भाषेचे दोन तुकडेच केले. काबूलने पश्तोला राजभाषा केले ते १९३६ मध्ये, पश्तो टोलना ही संस्था १९३७ ची, आणि पेशावर विद्यापीठातली पश्तो अकादमी १९५५ ची. त्याआधीच्या हस्तलिखितांत अक्षरांची वळणे एकसारखी नाहीत हे मान्य, पण जोडणारी अक्षरे तेव्हाही होती. सत्ता नसतानाही लिपी जोडू शकते, याला पश्तोहून चांगला दाखला मला माहीत नाही. आणि लिपी एकटी पुरत नाही, याचा दाखला पूर्वेकडे आहे: कोरिया, जपान, व्हिएतनाम यांनी शतके चिनी चिन्हे वापरली, पण त्यांच्या भाषा चिनी झाल्या नाहीत. आधी बोलींत काही नाते हवे. लिपी ते टिकवते, निर्माण करत नाही. उलट बाजूने, नाते असूनही लिप्या वेगळ्या झाल्या की काय होते हे आपण हिंदी-उर्दूत पाहिले आहे, आणि गोव्यात, जिथे कोकणीचा एक वाचक देवनागरीचा आणि दुसरा रोमीचा, तिथे आजही पाहतो आहोत.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, आणि तो माझ्या मांडणीच्या मुळावर येतो. लिपी कोणाची बाजू घेत नाही असे मी म्हणतो खरे, पण पश्तोच्या बाबतीत ती थोडी घेतेच. कंदाहारी उच्चारात 'त्स' आणि 'द्झ' हे ध्वनी अजून शाबूत आहेत, त्यामुळे तिथल्या मुलाला कान सांगतो की कोणते अक्षर लिहायचे. पेशावरच्या बोलीत 'त्स'चा 'स' झाला, 'द्झ'चा 'ज', 'ष'चा 'ख'. तिथल्या मुलापुढे 'ख'साठी दोन अक्षरे उभी राहतात, आणि कोणते कुठे हे पाठ करावे लागते. म्हणजे एकीचा खर्च दोघांनी वाटून घेतलेला नाही. आपल्या बालबोधीने याच्या उलट केले. 'चार' आणि 'चारा' यांतले दोन 'च' वेगळे आहेत हे प्रत्येक मराठी तोंडाला ठाऊक आहे, पण अक्षर एकच. त्यामुळे लिहिणाऱ्याला त्रास नाही. तो परभाषकाच्या वाट्याला येतो, आणि आपण त्याच्या 'चमच्या'ला हसतो.

चीनमध्ये हा खर्च आणखी वाढला आहे. जुनी पंडिती चिनी कोणाचीच मातृभाषा नव्हती, म्हणून ती सगळ्यांना सारखीच अवघड होती. अवघडपणात एक समता होती. हू शृ याने १९१७ मध्ये बोलभाषेत लिहिण्याचा पुरस्कार केला, १९१९ च्या चळवळीने तो उचलून धरला, आणि लेखन लोकांच्या जवळ आले. पण कोणत्या लोकांच्या? उत्तरेच्या. आज हाँगकाँगचा विद्यार्थी जे पान वाचतो त्यातली चिन्हे तो आपल्या उच्चाराने वाचतो, पण शब्द आणि वाक्यरचना उत्तरेची असते. त्याच्या घरी 'नाही'ला 'म्' म्हणतात, पानावर 'पू' असते. घरी 'तो'ला 'खॉय' म्हणतात, पानावर 'था'. उच्चारापुरती लिपी तटस्थ राहिली, व्याकरणात तिने बाजू घेतली. म्हणूनच कँटोनी लिहिण्यासाठी लोकांनी खास चिन्हे घडवली, आणि ती जाहिरातींत आणि फोनवरच्या निरोपांत सर्रास दिसतात. हा आक्षेप मी खोडून काढत नाही. तो माझ्या म्हणण्याची मर्यादा सांगतो: लिपी जितकी तटस्थ, तितकी एकी स्वस्त, ती एका बाजूला झुकली की दुसऱ्या बाजूला रोज किंमत मोजावी लागते, आणि ती किती दिवस मोजायची हे तिथले लोक ठरवतात.

राहता राहिली एक गोष्ट, जी लिपीच्या अभ्यासकांकडून बहुधा सुटते. जुना ध्वनी लिहिणारी लिपी कानाने येत नाही, ती शिकावी लागते. चीनने २०१३ मध्ये ठरवलेल्या प्रमाण यादीत ८,१०५ चिन्हे आहेत, त्यांतली ३,५०० नेहमीच्या वापरातली. १९८८ च्या नियमांत साक्षर म्हणवून घ्यायला शेतकऱ्याला १,५०० आणि कामगाराला २,००० चिन्हे यावीत अशी अट होती. १९४९ मध्ये दर दहांतल्या सुमारे आठ जणांना वाचता येत नव्हते. त्या काळी चिनीची लेखी एकी ही थोड्या लोकांची मिरास होती. ती सगळ्यांची झाली ती नंतरच्या शाळांमुळे. पश्तोला चाळीसच्या वर थोडीच अक्षरे पुरतात, पण तिला ही शाळा कधी धड मिळाली नाही. खैबर पख्तुनख्वात मुलाचे शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून आणि इंग्रजीतून होते, त्यामुळे घरी पख्तो बोलणारा शिकलेला माणूसही पुष्कळदा ती सफाईने लिहीत नाही. अफगाणिस्तानात २०२१ च्या सुमाराचे प्रौढ साक्षरतेचे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास होते, आणि स्त्रियांत ते २३ टक्क्यांच्याही पुढे नव्हते. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यापुरती पश्तो ही नुसती त्याच्या गावची बोली आहे. कंदाहारला पेशावरशी बांधणारे अक्षर त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

तेव्हा पश्तो उद्या एक भाषा राहील की दोन, याचे उत्तर टिंबांच्या जागेपेक्षा शाळेच्या पटावर जास्त अवलंबून आहे. सप्टेंबर २०२१ पासून अफगाणिस्तानात सहावीच्या पुढे मुलींना शाळा बंद आहे.